पेटी बंद झाल्यावरची बैठक

१९५६ सालचा उन्हाळा तोंडावर आलेला. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत आठवड्यातून दोनदा दिवेलागणीच्या सुमारास वीसेक माणसं एका रेडिओभोवती जमायची. कुठे शाळेत, कुठे चावडीत. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. विषय शेतीचे, आरोग्याचे, गावगाड्याचे. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद व्हायचा आणि माणसं मात्र बसून राहायची. त्यांचं काम आता सुरू व्हायचं.

रेडिओ बंद करणं ही या प्रयोगातली सगळ्यात महत्त्वाची कृती होती, असं मला वाटतं. ऐकलेल्याचं आपण काय करायचं, आपल्या गावाला ते लागू पडतं का, पडत असेल तर उद्या सकाळी कोण काय करणार, हे त्या शांततेत ठरायचं. आज आपल्यासमोर चोवीस तास काही ना काही चालू असतं आणि त्याबद्दल आपण बोलतोही भरपूर. पण ते बोलणं कसं व्हावं, कुणी सुरू करावं, कुठे थांबावं आणि त्याचं पुढे काय व्हावं, याचा विचार क्वचितच होतो. गेल्या शतकात हा विचार अनेक देशांत अतिशय गंभीरपणे झाला, आणि त्यातलं एक फार मोलाचं पान आपल्याच गावांत लिहिलं गेलं.

या कल्पनेचं मूळ कॅनडात आहे. तिथे १९४१ साली 'नॅशनल फार्म रेडिओ फोरम' हा उपक्रम देशभर सुरू झाला. राष्ट्रीय प्रसारण संस्था, शेतकऱ्यांचा महासंघ आणि प्रौढशिक्षणाची संघटना अशा तिघांनी मिळून तो चालवला. हिवाळ्यात तिकडची शेतं बर्फाखाली असतात आणि शेतकऱ्याला संध्याकाळ मोकळी मिळते. त्या महिन्यांत दर सोमवारी शेजारपाजारची माणसं एखाद्याच्या घरी जमत. त्या आठवड्याच्या विषयाची छापील पुस्तिका आधीच हातात आलेली असे. ती वाचायची, मग कार्यक्रम ऐकायचा, मग पुस्तिकेतल्या प्रश्नांवर बोलायचं. गटाचा चिटणीस निष्कर्ष लिहून प्रांताच्या कचेरीला पाठवी आणि गटागटांतून आलेली मतं पुन्हा रेडिओवरून सांगितली जात. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्यांचं ब्रीद होतं. ऐन भरात असताना असे सोळाशेच्या आसपास गट देशभर होते, आणि १९६५ पर्यंत हा उपक्रम चालला.

या साखळीतला शेवटचा दुवा नीट पाहिला पाहिजे. गटाचं म्हणणं केंद्राकडे परत जात होतं. आपण बोललेलं कुणीतरी वाचतं आणि पुढच्या आठवड्यात त्याची दखल घेतं, हे कळलं की माणूस बोलताना जबाबदारीनं बोलतो. नुसत्या गप्पांना आणि बैठकीला वेगळं करणारी गोष्ट हीच.

युनेस्कोनं ही पद्धत भारतात करून पाहायचं ठरवलं, तेव्हा जागा निवडली ती पुणे केंद्राची. ते केंद्र १९५३ साली सुरू झालेलं, म्हणजे अजून नवंच होतं. ऐकणाऱ्यांच्या गटासाठी आपल्याकडे 'श्रोता मंडळ' हा छान शब्द रुळला. कॅनडातला शेतकरी लिहिता-वाचता होता. आपल्याकडे तेव्हा तशी स्थिती नव्हती. म्हणून ब्रीदातलं 'वाचा' गळलं आणि 'ऐका, चर्चा करा, कृती करा' एवढं उरलं. पुस्तिकेची उणीव भरून काढायची जबाबदारी माणसावर आली. प्रत्येक मंडळाला एक निमंत्रक नेमला गेला. वेळेवर सगळ्यांना गोळा करणं, रेडिओ लावणं, विषयाला तोंड फोडणं, कोपऱ्यात गप्प बसलेल्याला बोलतं करणं, झालेली चर्चा टिपून ठेवणं आणि प्रश्न पुण्याला कळवणं, ही सारी कामं त्याची. जिल्ह्याचे संघटक गावोगाव फिरून मंडळांची घडी बसवत.

दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. त्यांचा परिणाम मोजायचं काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं केलं आणि त्याचं नेतृत्व पॉल नॉयराथ यांच्याकडे होतं. त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. ते मूळचे व्हिएन्नाचे. नाझी राजवटीत दाखाऊ आणि बुखेनवाल्ड इथल्या छळछावण्यांत त्यांना डांबलं गेलं होतं. तिथून सुटून अमेरिकेला पोचल्यावर त्यांनी छावणीतल्या माणसांच्या समाजजीवनावरच प्रबंध लिहिला. माणसांचा समूह कसा बनतो, कशानं टिकतो आणि एकमेकांना कसा धरून ठेवतो, हे त्यांनी सोसून जाणलं होतं. असा माणूस मराठी मुलखातल्या शाळेत आणि चावडीत काय घडतं आहे, ते समजून घ्यायला आला होता.

त्यांच्या पाहणीची रचना साधी आणि पक्की होती. गावांचे तीन प्रकार केले: श्रोता मंडळ असलेली गावं, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावं, आणि रेडिओच नाही अशी गावं. कार्यक्रमांच्या आधी आणि नंतर तिन्ही ठिकाणच्या लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ही वाढ फारच थोडी होती. यंत्र तेच, आवाज तोच. फरक बैठकीचा होता. मंडळं हळूहळू गावाच्या कामांचे निर्णयही घेऊ लागली आहेत, हेही या अभ्यासातून पुढे आलं. आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक, हिंदीतले नाटककार जगदीशचंद्र माथुर, आणि नॉयराथ या दोघांच्या नावानं १९५९ साली युनेस्कोनं हा अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी श्रोता मंडळांची योजना देशभर नेण्यात आली. पुढे १९६४-६५ मध्ये आफ्रिकेतल्या घानानंही अशीच मंडळं करून पाहिली.

बैठकीत असं काय घडतं, याचं एक उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका प्रयोगात सापडतं. अमेरिकेत तेव्हा मांसाची टंचाई होती. काळीज, गुर्दे असे अवयव घरोघरी शिजावेत अशी सरकारची इच्छा होती, पण गृहिणी त्यांना हात लावायला तयार नव्हत्या. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी गृहिणींचे गट केले. काही गटांना उत्तम व्याख्यान ऐकवलं. बाकीच्या गटांना माहिती थोडक्यात सांगितली आणि मग 'आपल्यासारख्या बायकांना यात अडचणी काय येतील?' यावर आपसात बोलू दिलं. शेवटी, कोण करून पाहणार, असं विचारून हात वर करायला सांगितलं. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी अवघ्या ३ टक्के जणींनी हे पदार्थ केले होते आणि चर्चा केलेल्यांपैकी ३२ टक्के जणींनी.

यातल्या तीन गोष्टी पुढच्या प्रत्येक प्रयोगात पुन्हा दिसतात. अडचण स्वतःच्या तोंडानं मांडली की तिच्यावर तोडगाही आपणच शोधू लागतो. आपल्यासारखाच दुसरा माणूस तयार होताना दिसला की धीर येतो. आणि चार ओळखीच्या माणसांसमोर 'करीन' म्हटलं की त्या शब्दाला जागावं लागतं. व्याख्यान कितीही रसाळ असलं तरी ऐकणारा एकटाच घरी जातो. बैठकीतून उठलेला माणूस चारचौघांना बांधलेला असतो.

रेडिओचं हे शहाणपण दूरचित्रवाणीला लागू पडेल का? फ्रान्समध्ये १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच हा प्रश्न पुढे आला. पॅरिसच्या ईशान्येकडल्या एन प्रांतात रॉजे लुई नावाच्या शाळामास्तरांच्या पुढाकारानं गावकऱ्यांनी वर्गणी काढून एक संच घेतला आणि तो शाळेत ठेवला. एकट्याला न परवडणारी वस्तू गावाची झाली. तिथे 'टेलिक्लब' जन्माला आला आणि आसपासच्या गावांत पसरला. १९५४ मध्ये शेतीच्या बदलत्या स्थितीवर या क्लबांसाठी खास कार्यक्रममाला झाली. समाजशास्त्रज्ञ जॉफ्र द्युमाझदिए यांनी या क्लबांचा सविस्तर अभ्यास केला. जपाननंही युनेस्कोच्या साहाय्यानं खेड्यांतल्या गटांसाठी असे कार्यक्रम केले.

आपल्याकडे १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली ती मुळी याच कल्पनेवर. घराघरात संच ही गोष्ट तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हती. युनेस्कोच्या मदतीनं शहरात आणि भोवताली टेलिक्लब उभे राहिले आणि कार्यक्रम त्यांच्यासाठीच होते. डिसेंबर १९६० ते मे १९६१ या काळात क्लबांसाठी वीस कार्यक्रमांची मालिका झाली. रस्त्यावरची शिस्त, अन्नातली भेसळ, सार्वजनिक जागेवरची अतिक्रमणं असे नागरिकाच्या रोजच्या जगण्यातले विषय तीत होते. कार्यक्रम संपल्यावर क्लबात चर्चा व्हायची आणि तिचा गोषवारा केंद्राला जायचा. पुढे २६ जानेवारी १९६७ ला 'कृषी दर्शन' सुरू झालं, तेही दिल्लीभोवतालच्या ८० गावांत मांडलेल्या सामूहिक संचांसाठी. त्यामागे विक्रम साराभाईंचा आग्रह होता. मुंबई केंद्र १९७२ मध्ये आलं आणि 'आमची माती आमची माणसं'नं हीच वाट मराठीतून पुढे चालवली.

मात्र चित्र आलं तसा बैठकीचा आकार बदलला. ही गोष्ट लहान दिसते, पण तिच्यात सगळं मर्म आहे. रेडिओभोवती माणसं गोल बसू शकतात. आवाज मागूनही ऐकू येतो, त्यामुळे ऐकताना एकमेकांचे चेहरे दिसतात. कुणी मान डोलावली, कुणी भुवई उंचावली, हे सगळ्यांना कळतं. चर्चा सुरू व्हायच्या आधीच अर्धी झालेली असते. दूरचित्रवाणीसमोर रांगा लागतात. सगळ्यांची तोंडं पडद्याकडे आणि प्रत्येकाला दिसते ती पुढच्याची पाठ. कार्यक्रम संपला की अशा रांगेत बोलणं कठीण. माणसं उठून चालू लागतात. म्हणून पाहून झाल्यावर आधी बसणं बदलावं लागतं. सतरंजी फिरवायची, खुर्च्या वळवायच्या, गोल करायचा. पाठमोरी माणसं चर्चा करत नाहीत.

आणखी एक अडचण गर्दीची. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या २,४०० गावांत थेट कार्यक्रम उतरवले गेले. गावात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री उभी राहायची आणि शाळेत किंवा पंचायतीच्या घरात संच. पहिल्या दिवसांत अख्खं गाव लोटलं. शिक्षणासाठी आणि तंत्रज्ञानासाठी हे मोठंच पाऊल होतं. पण वीस जणांचं मंडळ आणि शेकडोंची गर्दी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. गर्दीत पोरं पुढे बसतात, बायका कडेला उभ्या राहतात आणि ज्याला प्रश्न आहे त्याचा आवाज पोचत नाही. त्यातच एकाच उपग्रहावर संध्याकाळची वेळ हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड या भाषांत वाटून घ्यायची होती. पेटी बंद करून बोलत बसायची उसंत त्यात कुठून मिळणार?

याच सुमारास गुजरातेत खेडा जिल्ह्यात एक वेगळी वाट सापडली. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रानं पीज इथल्या छोट्या प्रक्षेपकावरून एका जिल्ह्यापुरते कार्यक्रम सुरू केले. संच मुख्यतः गावच्या दूध सहकारी संस्थांच्या जागेत ठेवले होते. दूध घालायला रोज येणारी माणसं, हिशोबानं आणि व्यवहारानं आधीच एकमेकांशी जोडलेली. खेडा प्रकल्पानं केलेली खरी नवी गोष्ट म्हणजे चर्चा कार्यक्रमाच्या आधीच सुरू झाली. निर्माते गावात जाऊन बसत. मजुरी, सावकारी, जातीचा जाच यांबद्दल लोक काय सांगतात ते ऐकत आणि त्यातून कथा रचत. गावातलीच माणसं त्यांत कामं करत. ग्रामीण संवादासाठीचा युनेस्कोचा पुरस्कार १९८४ मध्ये या प्रकल्पाला मिळाला.

मग ही मंडळं गेली कुठे? ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि रेडिओ बांधावर पोचला. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत चित्र आलं, प्रक्षेपण केंद्रं वाढली आणि संच चावडीतून घरात गेला. घरात गेला यात वाईट काहीच नाही. ज्या बाईला चावडीत जागा नव्हती तिला तो घरात मिळाला. पण संच घरी आला तेव्हा बैठक बरोबर आली नाही. बंद पडलेले संच दुरुस्त करायला माणूस नव्हता, पत्रांना उत्तरं येईनाशी झाली आणि निमंत्रकाचं काम इतर सरकारी कामांच्या ढिगात गेलं. एकदा उत्तर यायचं थांबलं की गावानं प्रश्न पाठवायचे थांबवले.

लोकांची बोलायची हौस मात्र आटली नव्हती. १९८४ मध्ये 'हम लोग' मालिका सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोक कुमार पडद्यावर येऊन त्या भागातल्या पेचाबद्दल प्रेक्षकांशी बोलत. मालिका चालली त्या काळात सुमारे चार लाख पत्रं आली. चार लाख माणसांना उत्तर द्यायचं होतं. त्यांना एकत्र बसवणारं मात्र कुणी नव्हतं. बारा वर्षांनी आकाशवाणीवर 'तिनका तिनका सुख' ही श्राव्य मालिका लागली. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावात ती ऐकून लोक आपणहून बोलू लागले. गावातल्या एका शिंप्यानं पुढाकार घेतला आणि हुंड्याविरुद्धचा निश्चय एका मोठ्या कागदावर लिहून त्यावर १८४ जणांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. तो कागद आकाशवाणीला पाठवला गेला. या गावाला निमंत्रक कुणी नेमून दिला नव्हता. शिंपीच निमंत्रक झाला. लेविनच्या गृहिणींनी वर केलेला हात आणि लुत्सानच्या कागदावरचा अंगठा, दोन्हींचा अर्थ एकच.

या सगळ्या प्रयोगांतून एखाद्या गटानं आपली चर्चा कशी बांधावी याचे काही ठोस धडे मिळतात. गट वीसेक जणांचा असावा. त्यापेक्षा मोठा झाला की बोलणारे तेच तेच राहतात. पाहायची वेळ आणि बोलायची वेळ वेगळी ठेवावी, आणि बोलताना पेटी पूर्ण बंद असावी. निमंत्रक जाणकारच हवा असं नाही, पण सगळ्यांना बोलतं करणारा हवा. स्वतःच भाषण ठोकणारा निमंत्रक अख्ख्या मंडळाचा श्रोता करून टाकतो. चर्चा 'कार्यक्रम कसा वाटला?' इथून सुरू करू नये. त्याला 'चांगला होता' एवढंच उत्तर येतं आणि विषय तिथेच संपतो. 'आपल्याकडे हे कसं होतं?' असं विचारलं की प्रत्येकाकडे सांगायला काही ना काही असतं. शेवटी झालेलं बोलणं लिहून काढावं आणि ते कुठे पाठवायचं हे आधीच ठरवलेलं असावं. केंद्राकडे, ग्रामपंचायतीकडे, कुठेही. पण ते कुठेतरी पोचलं पाहिजे आणि तिकडून उत्तर आलं पाहिजे.

यातलं काहीही आज अवघड नाही. उलट आपल्याकडे तयार बैठका आहेत. बायकांचा बचत गट नियमानं जमतो, त्यात हजेरी आणि हिशोब असतो आणि गप्प बसणारीलाही कर्जाच्या वेळी बोलावंच लागतं. सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र चालतं, तिथल्या लोकांचं आणि तिथल्या बोलीत. १९५६ साली श्रोता मंडळं बसली त्या पाच जिल्ह्यांतला हा एक. सोसायटीचं सभागृह आहे, वाचनालयाची खोली आहे, ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा आहे. एखादा माहितीपट, पाण्यावरचा एखादा कार्यक्रम, अर्थसंकल्पावरची एखादी चर्चा पाहायला वीस जण एकत्र येऊ शकतात.

तशी वेळ आली तर एवढं जरूर करा. पाहून झालं की कुणीतरी उठून संच बंद करावा. दिवे लावावेत. खुर्च्या एकमेकांकडे वळवाव्यात. सगळ्यात कमी बोलणाऱ्याला पहिली संधी द्यावी आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत मध्ये कुणी बोलू नये. सुमारे सत्तर वर्षांपूर्वी आपल्या गावांनी शाळेच्या ओसरीवर बसून हे करून दाखवलं आहे, आणि त्याचा उपयोग होतो हे मोजून सिद्ध झालं आहे.